वैयक्तिक माहितीचा कायदा आणि खान्देशातल्या संस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तिथून पुढे बँक, रेशन, पीकविमा, शिष्यवृत्ती, दवाखाना, जिथे जाल तिथे नाव, नंबर, फोटो आणि अंगठा देण्याची सवय आपल्याला लागली. घेणाऱ्याने ही माहिती कशी सांभाळायची हे सांगणारा स्वतंत्र कायदा मात्र १३ वर्षांनी आला. पतसंस्था आणि दवाखान्यांच्या नोंदी संगणकावर लावून देणं हे माझं काम. त्या कामात जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. काही प्रश्न माहिती देणाऱ्यांचे आहेत, काही ती घेणाऱ्या संस्थांचे.

हा कायदा कोणता, आणि तो लागू झाला आहे का?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. राष्ट्रपतींची मंजुरी ११ ऑगस्ट २०२३ ची, आणि त्याखालचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. अंमलबजावणी तीन टप्प्यांत आहे. तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाच्या तरतुदी नियमांबरोबरच सुरू झाल्या. लोकांच्या वतीने संमतीचा हिशेब ठेवणाऱ्या 'संमती व्यवस्थापकां'ची नोंदणी एका वर्षाने सुरू व्हायची आहे. संस्थांवरची मुख्य बंधनं आणि आपले हक्क १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात.

म्हणजे तोवर मोकळं रान आहे का? नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ, आधार कायदा, रिझर्व्ह बँकेचे नियम, ग्राहक संरक्षण कायदा हे सगळे आज चालू आहेत. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. नवा कायदा त्याच निकालाच्या पायावर उभा आहे.

वैयक्तिक माहितीत काय काय येतं?

ज्या माहितीवरून तुम्ही कोण ते ओळखता येतं, ती सगळी. नाव, मोबाइल, आधार, फोटो, खाते क्रमांक, रक्ताचा रिपोर्ट, सीसीटीव्हीतला चेहरा, दुकानातल्या खरेदीची यादी. अट एवढीच की ती डिजिटल असावी, किंवा कागदावरून डिजिटल केलेली असावी. निव्वळ वहीत लिहिलेली नोंद या कायद्यात येत नाही. पण त्या वहीच्या पानाचा फोटो काढून कोणी संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, की ती आली. एखाद्याने घरगुती कामासाठी, म्हणजे नातेवाइकांच्या पत्त्यांची यादी किंवा लग्नाचे फोटो मोबाइलमध्ये ठेवले, तर त्याला हा कायदा हात लावत नाही.

आमची पतसंस्था तालुक्यापुरती आहे. हे नियम मोठ्या कंपन्यांसाठीच ना?

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त भेटतो. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, तो जबाबदार, एवढी साधी व्याख्या आहे. त्यात कंपनी येते, सहकारी संस्था येते, भागीदारी पेढी येते, एकटा डॉक्टर येतो, क्लासवाले सर येतात, समाजाचं मंडळही येतं. सभासद किती, उलाढाल किती, हे व्याख्येत विचारलेलं नाही. काही प्रकारच्या संस्थांना, त्यात नवउद्योगही आले, काही कलमांतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. पण तशी अधिसूचना निघाल्याशिवाय आपण सुटलो असं धरून चालू नये.

खूप मोठ्या प्रमाणावर किंवा जोखमीची माहिती हाताळणाऱ्यांना सरकार वेगळं अधिसूचित करील. त्यांना भारतात राहणारा माहिती संरक्षण अधिकारी, स्वतंत्र लेखापरीक्षक आणि जोखमीचं मूल्यमापन एवढं जास्तीचं करावं लागेल. तालुक्याच्या पतसंस्थेला ते ओझं नाही.

आणखी एक. "आमचं सॉफ्टवेअर बाहेरची कंपनी बघते, डेटा तिच्याकडे असतो," असं म्हणून हात वर करता येत नाहीत. काम बाहेर दिलं तरी खातेदारासमोर जबाबदारी संस्थेचीच. सॉफ्टवेअरवाल्याशी लेखी करार हवा.

फॉर्मच्या खाली सही घेतली की संमती झाली का?

नाही. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, ठराविक कामापुरती हवी, समजून दिलेली हवी, अटीशिवाय हवी, आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. आधीच टिक केलेला चौकोन चालत नाही. संमती मागण्याआधी किंवा मागताना वेगळी, सोप्या भाषेतली सूचना द्यावी लागते: कोणती माहिती घेतोय, कशासाठी, संमती मागे कशी घ्यायची, तक्रार कुठे करायची.

सगळा कायदा माझ्या मते एका प्रश्नावर उभा आहे: कशासाठी? कर्जासाठी दिलेला मोबाइल नंबर कर्जापुरता. चेअरमनसाहेबांच्या प्रचाराचे मेसेज त्याच यादीवर गेले तर तो दुसरा हेतू झाला, आणि त्याला वेगळी संमती लागते. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे: ऑनलाइन डॉक्टरी सल्ला देणारं अ‍ॅप फोनमधल्या संपर्कयादीची परवानगी मागतं आणि माणूस ती देतो. तरीही ती संमती फक्त उपचाराला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरायची, कारण सल्ला देण्यासाठी संपर्कयादी लागत नाही.

दिलेली संमती मागे घेता येते, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. एका क्लिकवर घेतली आणि रद्द करायला जळगावच्या हेड ऑफिसला अर्ज घेऊन या म्हटलं, तर ते बसत नाही. संमती घेतली होती की नव्हती असा वाद झाला, तर ती रीतसर घेतल्याचं संस्थेने सिद्ध करायचं असतं.

सूचना मराठीत मागता येते का? अहिराणीत?

मराठीत मागता येते, तो हक्क आहे. इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत सूचना वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. अहिराणी, भिली, पावरी त्या अनुसूचीत नाहीत, त्यामुळे त्या भाषांत लेखी सूचनेची सक्ती नाही. पण संमती 'समजून' दिलेली हवी ही अट मात्र कायम आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडे ज्या बाईला मराठी वाचता येत नाही, तिच्याकडून टॅबवर अंगठा उमटवून घेतला आणि कशासाठी ते तिच्या बोलीत सांगितलंच नाही, तर ती समजून दिलेली संमती कशी म्हणायची? बचत गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी या मुद्द्याकडे मनापासून बघायला हवं. पावरी बोलणारी एखादी कार्यकर्ती सोबत नेली तरी निम्मं काम होतं.

संमती न घेता माहिती वापरता येते अशी प्रकरणं आहेत का?

आहेत, आणि ती रास्त आहेत. जिवावर बेतलेला रुग्ण, साथ, पूर-भूकंपासारखी आपत्ती, न्यायालयाचा आदेश, दुसऱ्या कायद्याने सांगितलेली माहिती, नोकरीसंबंधीची कामं, सरकारी योजना-दाखले-परवाने. तसंच तुम्ही आपणहून एखाद्या कामासाठी माहिती दिली आणि नको असं काही म्हटलं नाही, तर त्या कामापुरती ती वापरता येते.

जिथे जाऊ तिथे आधारची झेरॉक्स मागतात. द्यायची का?

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खाजगी कंपन्यांना आधार पडताळणी वापरू देणारी आधार कायद्याच्या कलम ५७ मधली तरतूद रद्द केली. पुढच्या दुरुस्तीने बँक आणि मोबाइल कंपन्यांना ती वापरण्याची मुभा मिळाली, पण ग्राहकाच्या मर्जीने. लॉज, खाजगी कार्यालय, जिम, क्लास यांनी "आधारच पाहिजे" म्हणणं कायद्याला धरून नाही. मतदार कार्ड किंवा वाहन परवाना पुढे करा.

आधार द्यायचंच असेल तर मास्क केलेलं द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवता येतं. तिथेच बोटांचे ठसे लॉक करण्याची सोय आहे, आणि आपलं आधार कुठे कुठे पडताळलं गेलं तेही बघता येतं. झेरॉक्सवर कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला, हे आडवं लिहून सही करायची सवय चांगली आहे.

आधार क्रमांक जाहीर लावायला आधार कायद्याच्या कलम २९ नेच मनाई आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर किंवा गावाच्या ग्रुपवर लाभार्थ्यांची यादी पूर्ण आधार क्रमांकांसह दिसली, तर ती काढायला सांगायचा तुम्हाला आजच पुरेपूर अधिकार आहे.

ई-सेवा केंद्रात दिलेल्या कागदांचं पुढे काय होतं?

एखाद्या केंद्राच्या संगणकावर 'डाउनलोड्स' उघडून बघा. आधार १, आधार २, आधार ३ करत फाइलींची रांग लागलेली असते. मध्ये कोणाचं बँक पासबुक, कोणाचा जातीचा दाखला, कोणाच्या सुनेचा फोटो. फळपीक विम्याची किंवा लाडकी बहीणच्या ई-केवायसीची गर्दी असते तेव्हा केंद्रवाल्या भाऊला पाणी प्यायला फुरसत नसते, फाइली कोण पुसणार? बहुतेकांच्या मनात काही वाईट नसतं. पण त्याच संगणकावर संध्याकाळी चार मुलं गाणी पेनड्राइव्हमध्ये भरून घेतात, आणि तिथे घोडं पेंड खातं.

केंद्रचालकाने काम झालं की फाइल पुसावी, रिसायकल बिन रिकामा करावा, दिवस संपला की व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून लॉग आउट व्हावं. तुम्ही केंद्रावर असाल तर फाइल डोळ्यांदेखत पुसायला सांगा. "दादा, तेवढी पीडीएफ काढून टाका" म्हटलं तर कोणी रागवत नाही. ओटीपी वहीत लिहून ठेवू देऊ नका आणि तो कोणत्या कामाचा आहे हे मेसेजमध्ये वाचूनच सांगा.

आमच्या समाजाची वधू-वर सूची छापली जाते, तिची पीडीएफही फिरते. हे कायद्यात येतं का?

येतं. या प्रश्नावर मी मुद्दाम थांबतो, कारण खान्देशात वधू-वर परिचय मेळावे प्रत्येक समाजात होतात आणि त्यामागे सेवाभाव असतो. सूचीत मात्र काय असतं बघा: मुलीचा फोटो, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, नोकरीचं ठिकाण, पगार, वडिलांचा मोबाइल, मामाचं गाव, घरचा पत्ता. एखाद्या माणसाची एवढी सलग माहिती बँकेकडेही नसते. हे सगळं पीडीएफमध्ये येतं, पीडीएफ ग्रुपमध्ये जाते, ग्रुपमधून कुठे जाते त्याला धरबंद राहत नाही. मग लग्न झालेल्या मुलीच्या वडिलांना तीन वर्षांनीही स्थळं येतात, विमा एजंटांचे फोन येतात, आणि मुलीचा फोटो भलत्याच प्रोफाइलवर सापडतो.

मंडळ ही व्यक्तींची संघटना आहे, घरगुती वापराची सूट तिला नाही. मग करायचं काय? सूची बंद करा असं मी म्हणणार नाही. फॉर्मवर स्वच्छ विचारावं: छापील पुस्तकात द्यायचं का, पीडीएफमध्ये द्यायचं का, फोटो द्यायचा का, प्रत्येकाचं हो-नाही वेगळं. मुलगा-मुलगी सज्ञान असते, त्यामुळे सही तिची किंवा त्याची, फक्त वडिलांची नव्हे. पीडीएफमध्ये मोबाइलऐवजी नोंदणी क्रमांक द्यावा आणि संपर्क मंडळामार्फत करून द्यावा. लग्न ठरल्याचा फोन आला की नाव काढावं, मेळाव्याचं वर्ष सरलं की सगळी फाइल पुसावी. हे करणारं मंडळ समाजाची जास्त सेवा करतं.

निकाल लागला की क्लासवाले मुलांचे फोटो फ्लेक्सवर लावतात. त्यांना विचारावं लागतं का?

१८ वर्षांखालील प्रत्येक जण या कायद्याने मूल आहे. त्यामुळे दहावीचे सगळे आणि बारावीचे बरेच विद्यार्थी मुलांमध्ये मोडतात. त्यांची माहिती वापरण्याआधी आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते, म्हणजे संमती देणारी व्यक्ती खरोखर सज्ञान पालक आहे याची खातरजमा करावी लागते. प्रवेशाच्या वेळी फीच्या पावतीमागे बारीक अक्षरात छापलेली ओळ इथे पुरणार नाही. गुण, फोटो आणि गाव फ्लेक्सवर टाकायचं असेल तर त्यासाठी वेगळं विचारा. नापास झालेल्यांची किंवा फी थकलेल्यांची यादी पालकांच्या ग्रुपवर टाकणं तर कोणत्याही हेतूत बसत नाही.

मुलांच्या हालचालींवर नजर ठेवणं आणि त्यांना उद्देशून जाहिराती करणं यालाही बंदी आहे. शाळांना शिक्षणाच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या कामापुरती नियमांत सवलत दिली आहे, त्यामुळे हजेरी किंवा स्कूलबसचा ठावठिकाणा बघण्यात अडचण नाही.

दवाखान्यातले रिपोर्ट कोणाला मिळू शकतात?

रुग्णाला, आणि तो सांगेल त्याला. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायची असतात, आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. लॅबवाल्यांनी रिपोर्ट ओळखीतल्या कोणाच्या नंबरवर 'सोयीसाठी' पाठवणं बंद करावं. गाव लहान असतं. एचआयव्हीचा किंवा गरोदरपणाचा रिपोर्ट चुकीच्या फोनवर गेला, की त्या माणसाचं गावातलं जगणं बदलतं, आणि कोणत्याही दंडाने ते परत पूर्ववत होत नाही.

सराफाकडे, कापडाच्या दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागतात. नाही म्हटलं तर?

नाही म्हणा. नंबर दिला नाही म्हणून बिल अडवणं चुकीचं आहे, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं होतं. सोन्याच्या मोठ्या खरेदीत मात्र आयकर नियमांमुळे पॅन लागू शकतो. तो कायद्याचा भाग आहे, त्याला नकार देता येत नाही.

कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधली संपर्कयादी घेतली आणि नातेवाइकांना फोन करतात. काय करावं?

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुमच्या फोनमधले फोटो, फाइली, संपर्कयादी आणि कॉलची नोंद बघता येत नाही. केवायसीपुरता कॅमेरा, माइक किंवा ठिकाण एकदाच, तेही तुमच्या स्पष्ट संमतीने. जे अ‍ॅप संपर्कयादी मागतं ते नियम मोडतं, किंवा त्याच्यामागे रिझर्व्ह बँकेची नोंदणी असलेली संस्थाच नसते. धमकी, बदनामी किंवा फसवणूक असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा, स्क्रीनशॉट ठेवा, पोलिसांच्या सायबर शाखेत जा. लाजेपोटी गप्प बसू नका, नातेवाइकांना तुम्हीच आधी सांगून टाका. धमकी देणाऱ्याचं सगळं बळ तुमच्या गप्प बसण्यात असतं.

थकबाकीदारांची नावं चौकात लावली तर वसुली होते. त्यातही अडचण आहे का?

वसुलीचा संस्थेचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही. कायदेशीर देणं वसूल करण्यासाठी लागणारी माहिती वापरायला नव्या कायद्यात सूट आहे, आणि थकबाकीदाराची आर्थिक स्थिती शोधण्यासाठीही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो, पुढे जप्ती होते. तो मार्ग धरा. त्यासाठी चौकातल्या फ्लेक्सवर माणसाचा फोटो, मोबाइल आणि घरचा पत्ता टाकायची काहीच गरज नसते. जामीनदाराच्या मुलीच्या शाळेचं नाव लिहिण्यापर्यंत काही ठिकाणी मजल जाते. याचा वसुलीशी संबंध नाही, तो छळ आहे.

आमच्याकडून माहिती फुटली तर काय करायचं?

लपवायचं नाही. लॅपटॉप चोरीला गेला, सर्व्हरवर हल्ला झाला, कर्मचाऱ्याने यादी बाहेर दिली, ईमेल चुकीच्या पत्त्यावर गेला. सगळं गळतीतच मोडतं. ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं: काय झालं, किती झालं, कधी झालं, त्याचा काय परिणाम होऊ शकतो, संस्थेने काय केलं, त्याने स्वतः काय काळजी घ्यावी, आणि कोणाशी बोलावं. डेटा संरक्षण मंडळालाही लगेच कळवायचं आणि सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यायचा. याशिवाय सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला सायबर घटना ६ तासांत कळवण्याचा २०२२ चा आदेश आजही लागू आहे.

माहिती किती दिवस ठेवायची?

काम संपेपर्यंत, किंवा दुसरा एखादा कायदा सांगतो तेवढे दिवस. बँकांना खातं बंद झाल्यावरही ओळखीची कागदपत्रं ५ वर्षं ठेवावी लागतात. २ कोटी किंवा त्याहून जास्त वापरकर्ते असलेल्या खरेदीच्या संकेतस्थळांना, ग्राहक ३ वर्षं फिरकला नाही तर त्याची माहिती पुसावी लागते आणि त्याआधी ४८ तास त्याला कळवावं लागतं. "कधीतरी लागेल" हे कारण कायद्यात कुठेच नाही. कपाटातली दहा वर्षांपूर्वीची आधारची गठ्ठ्याने पडलेली पानं आणि संगणकावरची त्यांची स्कॅन, दोन्ही एकाच दिवशी नष्ट करा. रद्दीत घालू नका.

माझ्याबद्दल संस्थेकडे काय आहे ते कसं मागायचं?

मुख्य तरतुदी लागू झाल्यावर साधा अर्ज किंवा ईमेल पुरेल. नमुना असा:

"माननीय व्यवस्थापक यांस, मी आपल्या संस्थेचा खातेदार आहे. माझी कोणती वैयक्तिक माहिती आपल्याकडे आहे, तिचा काय वापर होत आहे, आणि ती ज्यांना ज्यांना दिली त्या सर्वांची नावं मला लेखी कळवावीत. माझा जुना मोबाइल क्रमांक बदलून सोबत दिलेला नवा नोंदवावा. जाहिरातीच्या संदेशांसाठी दिलेली संमती मी आजपासून मागे घेत आहे. पोहोच मिळावी."

प्रत्येक संस्थेला तक्रार ऐकणाऱ्याचा संपर्क जाहीर करावा लागेल आणि जास्तीत जास्त ९० दिवसांत उत्तर द्यावं लागेल. तिथे दाद लागली नाही तरच डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येतं. मंडळ राजधानी क्षेत्रात असलं तरी कारभार ऑनलाइन आहे, त्यामुळे चोपड्याहून किंवा शहाद्याहून दिल्ली गाठायची गरज नाही. मंडळाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत अपील करता येतं. एक सावधगिरी: खोटी किंवा उगाच तक्रार केली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड तुम्हालाही होऊ शकतो.

२५० कोटींचा दंड म्हणतात तो खरा आहे का?

ती कमाल मर्यादा आहे, माहितीच्या सुरक्षेत हयगय केल्याबद्दलची. गळती न कळवल्याबद्दल आणि मुलांसंबंधीची बंधनं मोडल्याबद्दल प्रत्येकी २०० कोटींपर्यंत, इतर बऱ्याच बाबींना ५० कोटींपर्यंत. रक्कम ठरवताना चुकीचं गांभीर्य, कालावधी, ती पुन्हा झाली का, संस्थेने नुकसान आवरायला काय केलं, हे सगळं बघायचं असतं. छोट्या पतसंस्थेने या आकड्याने झोप घालवू नये. निष्काळजीपणा मात्र महागात पडेल.

आणि त्यातलं मला किती मिळणार?

काहीच नाही. दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. शिवाय नव्या कायद्याने कलम ४३अ वगळायचं ठरवलं आहे, ज्याखाली नुकसानभरपाई मागता येत होती. मला ही या कायद्याची सगळ्यात मोठी उणीव वाटते. ज्याची अब्रू गेली, ज्याचे पैसे गेले, त्याच्या हाती काही लागत नाही आणि सरकारचा निधी भरतो, हे न्यायाचं नाही.

एक दार उघडं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. तुम्ही पैसे देऊन सेवा घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात भरपाई मागता येते.

सरकारी कार्यालयांनाही हेच नियम आहेत का?

बरेचसे आहेत. योजनेचा लाभ देताना दरवेळी संमती लागत नाही, पण हवी तेवढीच माहिती घेणं, ती सुरक्षित ठेवणं हे नियम त्यांनाही आहेत. मात्र देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार एखाद्या यंत्रणेला पूर्ण सूट देऊ शकतं. ही सूट फार रुंद आहे. तिच्यावर बाहेरच्या कोणाची नजर असायला हवी होती.

माहिती अधिकारात अर्ज केला तर "वैयक्तिक माहिती आहे" म्हणून नाकारतात. ते बरोबर आहे का?

या कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाला. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे दाखवावं लागे, आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी जोडओळ होती. ती गेली. आता वैयक्तिक माहिती असणं एवढंच कारण पुरतं.

महाराष्ट्राने माहिती अधिकारासाठी मोठी लढाई दिली आहे, म्हणून हा बदल मला बोचतो. घरकुल यादीत बोगस नाव कोणाचं, ठिबकचं अनुदान न बसवलेल्या संचावर कोणी उचललं, हे नावाशिवाय कसं शोधणार? तरी अर्ज करणं सोडू नका. कलम ८(२) शाबूत आहे: नुकसानापेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जातच हे कलम लिहा आणि जनहित कोणतं ते दोन वाक्यांत मांडा. पहिल्या अपिलातही तेच धरा.

सातबारा तर कोणीही ऑनलाइन बघतो. मग खाजगी काय राहिलं?

कायद्याच्या आदेशाने जाहीर केलेली माहिती या कायद्याबाहेर आहे, सातबारा त्यात मोडतो. पण सातबाऱ्यावर तुमचा मोबाइल नसतो. शेतकरी ओळख क्रमांकासाठी, केळीच्या विम्यासाठी दिलेला नंबर खत-औषधाच्या कंपनीकडे गेला तर तो जाहीर माहितीतून गेलेला नाही, आणि कुठून गेला हे विचारायचा तुम्हाला हक्क असेल. अशा फोनांसाठी १९०९ वर नको असलेल्या कॉलची नोंद आजही करता येते.

संस्थेने सुरुवात कुठून करावी?

एक दिवस काढा आणि कागदावर लिहा: आपण कोणती माहिती घेतो, कशासाठी, कुठे ठेवतो, कोण उघडू शकतं, कोणाला देतो, कधी पुसतो. पहिल्या दोन रकान्यांतच निम्मा फॉर्म गळून पडतो. ठेव पावतीसाठी आईचं माहेरचं नाव कशाला हवं, हे सांगणारा माणूस संस्थेत सापडत नाही. तो रकाना काढा.

मग सगळ्यांचा एकच पासवर्ड असेल तो बंद करून प्रत्येकाला वेगळा द्या, म्हणजे कोणी काय उघडलं त्याची नोंद राहते. या नोंदी नियमांप्रमाणे किमान एक वर्ष ठेवायच्या आहेत. कर्मचारी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद. जुन्या खातेदारांनाही लवकरात लवकर मराठीत सूचना द्या. संमती कायदा येण्याआधी घेतलेली असली तरी सूचना द्यावीच लागते.

माझ्यानंतर माझ्या माहितीचं काय?

बँकेतल्या वारसासारखीच इथेही नामनिर्देशनाची सोय आहे. तुम्ही नेमलेली व्यक्ती तुमच्या मृत्यूनंतर, किंवा तुम्ही मनाने-शरीराने असमर्थ झाल्यावर, तुमच्या वतीने हे हक्क वापरू शकते: माहिती दुरुस्त करून घेणं, पुसून घेणं, तक्रार करणं. त्यासाठी प्रत्येक संस्थेने आखून दिलेल्या पद्धतीने तिच्याकडे वेगळी नोंद करावी लागेल.